पत्रिकेत नसलेले आप्पा

वाल्मीक ठोंबरे यांनी पुतणीच्या लग्नाला यायला दोनदा नकार दिला. पहिल्यांदा, पत्रिकेत आपलं नाव नाही म्हणून. दुसऱ्यांदा, ते नसणंच टिकावं म्हणून. दोन्ही वेळा ते मनापासून बोलत होते, आणि दोन्ही वेळा कारण त्यांचा धाकटा भाऊ होता.

धाकटा भाऊ म्हणजे हिरामण ठोंबरे. नाशिकला सरकारी कचेरीत नोकरी आणि गेली वीसेक वर्षं अलक लिहिणं. अलक म्हणजे अतिलघुकथा. बसच्या तिकिटाच्या पाठीवर मावेल एवढी गोष्ट. त्यांचे दोन संग्रह प्रसिद्ध आहेत. पहिला ‘जेमतेम’. तो इतका बारीक झाला की कण्यावर नाव छापता येईना, म्हणून प्रकाशकाने शेवटी कोरी पानं घातली. एका परीक्षणात त्या कोऱ्या पानांचं विशेष कौतुक झालं. दुसरा संग्रह ‘त्याहून कमी’. त्याचं परीक्षण आलं नाही, पण ‘पुस्तक मिळालं’ असं एका संपादकांनी कळवलं, आणि त्या दोन शब्दांवर हिरामण खूश होते.

एखाद्या जुन्या कथेतला एक शब्द काढता आला की त्यांना दिवसभर हलकं वाटे आणि जेवण चांगलं जाई. पत्नी उज्वला यांची या छंदाबद्दल तक्रार नव्हती. तो घरात आणू नये एवढंच त्यांचं म्हणणं होतं. कारण हिरामण स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ‘दूध’ एवढंच म्हणत आणि निघून जात.

“दूध काय?” उज्वला आतल्या खोलीतून ओरडत. “संपलं, नासलं, का उतू चाललंय?”

तोवर बहुधा ते उतू गेलेलं असे.

हिरामण यांची मुलगी चैताली हिचं लग्न रविराज नावाच्या मुलाशी ठरलं, तेव्हा पत्रिकेचा मजकूर रीतीप्रमाणे वाल्मीक यांनी केला. ते घरातले थोरले. चांदवड तालुक्यात कांद्याची शेती, गावच्या सोसायटीचे माजी चेअरमन, सगळ्या भावकीचे आप्पा. आमच्या भागात लग्नाची पत्रिका कोणी वाचत नाही. लोक ती हातात घेतात आणि आपलं नाव शोधतात. ते सापडलं की घडी घालून ठेवतात. नाही सापडलं, तर तीही घडी घालून ठेवतात, पण वेगळ्या ठिकाणी. हे जाणून आप्पांनी चार पानं भरून नावं काढली होती: निमंत्रक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक, कार्यवाहक, आशीर्वाद देणारे, आणि शेवटी ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी सगळी पोरं. तारीख आणि स्थळ तिसऱ्या पानावर, दोन माजी सभापतींच्या मधे होतं.

“छापायच्या आधी हिरामणला एकदा दाखवा,” आप्पा म्हणाले. “दोन पुस्तकं छापलीत त्याची. शुद्धलेखन बघंल.”

चूक झाली ती इथे. पंचवटीतल्या छापखान्यात हिरामण शुद्धलेखनच बघायला गेले होते. छापखान्याचे मालक नाथा यांनी संगणकावर पान उघडून दिलं. हिरामण यांनी एक वेलांटी दुरुस्त केली. मग त्यांच्या लक्षात आलं की ‘आपली नम्र उपस्थिती प्रार्थनीय आहे’ यातला ‘नम्र’ शब्द पाहुण्यांवर अन्याय करणारा आहे. तो काढला. त्यानंतर ‘आपली’ उगाच वाटू लागलं. संध्याकाळच्या आरतीपर्यंत पत्रिकेत उरलं ते असं:

‘चैतालीने रविराजला हो म्हटलं. रविवारी, दुपारी, द्वारकेजवळ. या.’

“खाली नावं कधी टाकायची, सर?” नाथांनी विचारलं.

“संपली पत्रिका,” हिरामण म्हणाले. आपण आयुष्यात लिहिलेली सर्वांत चांगली कथा हीच, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

पत्रिका पाकिटात घालून पाठवल्या गेल्या. गावातून फोन आला.

“हिरामण, पाकीट मिळालं. पाकीट चांगलं हाय. आत काय घालायचं राहिलं का?”

“आत पत्रिका आहे, आप्पा.”

“आत चिठ्ठी हाय. बाकीची पत्रिका कुठंय?”

“ती पूर्ण आहे.”

“आन माझं नाव?”

“ते सूचित होतं, आप्पा. म्हणजे न लिहिताही कळतं.”

“मंग चैतालीचं कशाला लिहिलं? तुला काय दुसरी पोरगी हाय का? ते बी कळलं आसतं.”

संपादनाच्या दृष्टीने हा आक्षेप बिनतोड होता, हे हिरामण यांनी नंतर मान्य केलं. त्या क्षणी मात्र ते ‘चैतालीने’ हा शब्द खरंच काढता येईल का याचा विचार करत राहिले. आप्पांनी तेवढ्यात, ज्या लग्नाच्या पत्रिकेत आपलं नाव नाही त्या मांडवात आपण पाय ठेवणार नाही, असं सांगून फोन ठेवला होता.

पुढच्या रविवारी हिरामण यांच्या आत्या बायडाबाई आल्या. लग्नाला अजून अवकाश होता. त्या भल्या सकाळी गावाहून निघाल्या, द्वारकेला, म्हणजे नाशिकच्या त्या गजबजलेल्या चौकात, उतरल्या आणि दुपारपर्यंत तिथल्या रहदारीत ‘चैतालीचं लग्न कुठंय’ असं विचारत हिंडल्या. एका वाहतूक पोलिसाने त्यांना रिक्षात बसवून दिलं. घरात शिरताच त्यांनी पिशवी खाली टाकली.

“कोन्त्या रविवारी ते लिवायला शाई संपली व्हती का रं?”

“आत्या, ते मुद्दाम मोकळं सोडलंय. वाचकाने भरायचं.”

“मी वाचक नाय, मी आत्या हाय. पानी दे.”

एवढं येणंजाणं परत कुठे करायचं, म्हणून त्या लग्नापर्यंत राहिल्या. सुदैवाने मुलाकडच्यांनी त्यांची पत्रिका वेगळी छापली होती आणि तीत तारीख होती.

प्रश्न आप्पांचा उरला. हिरामण यांच्या बदल्या होत तेव्हा चैताली दहावीपर्यंत आप्पांच्या घरी राहिली होती. तिने वडिलांना समोर बसवलं.

“पप्पा, तुम्हाला आवडतं तसं थोडक्यात सांगते. आप्पा नाहीत, लग्न नाही.”

चार शब्द. हिरामण यांना त्यात कापण्यासारखं काही दिसलं नाही.

त्यांनी प्रयत्न केला, हे नोंदवलं पाहिजे. आप्पांचं नाव सुरुवातीला घालून पाहिलं, तर रविराजऐवजी आप्पांचंच लग्न वाटू लागलं. शेवटी घातलं, तर ‘द्वारकेजवळ. वाल्मीक. या.’ असं झालं, म्हणजे सगळ्या जिल्ह्यात एकट्या वाल्मीकलाच आमंत्रण. शिवाय नाव घालणार अशी कुणकुण लागताच चुलतभाऊ केरू यांचा फोन आला. “आप्पाचं घालणार आसशील तर माझं त्याच्या खाली नको. शेजारी पायजे. आन फोटो बी.”

“एक नाव घातलं की चारशे घालावी लागतील,” हिरामण यांनी उज्वला यांना सांगितलं.

“घाला की मग. आपल्या बापाचं काय जातं?”

“कथा मरेल.”

“पोरीचं लग्न मोडलं तर चालेल का?”

हिरामण यांनी उत्तर दिलं नाही. न दिलेलं उत्तर त्यांना नेहमीच जास्त परिणामकारक वाटे. उज्वला यांना तसं वाटलं नाही. त्या दिवशी त्यांनी जेवायला वाढताना ताटात फक्त भाकरी ठेवली आणि बाकीचं सूचित आहे असं सांगितलं.

अशा परिस्थितीत बुद्धभूषण पगारे पेढे घेऊन आले. पगारे सर निवृत्त शिक्षक, हिरामण यांचे मित्र, आणि दोन्ही संग्रह विकत घेणारे एकमेव ज्ञात वाचक. पंचवटीतल्या लघुतम साहित्य परिषदेचे ते कार्यवाह होते. आपल्याला आलेली पत्रिका त्यांनी परस्पर परिषदेच्या वार्षिक स्पर्धेला पाठवली होती.

“पहिली आली, ठोंबरे सर.”

हिरामण खुर्चीत बसले. वीस वर्षांत त्यांना उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नव्हतं.

“परीक्षक काय म्हणाले?”

पगारे सरांनी मोबाइल काढून वाचून दाखवलं: “‘या कथेत लग्न आहे, पण घरातलं एकही वडीलधारं माणूस नाही. ते नसणं हाच या कथेचा प्राण आहे.’ फक्त एक लक्षात ठेवा. यातला एक शब्दही आता बदलायचा नाही. मागे एका विजेत्याने आपल्या अलकची कादंबरी केली. तेव्हापासून परिषद फार कडक आहे.”

बायडाबाईंनी पेढा घेतला. “पत्रिकेला बक्षीस? मंग लग्नाला काय, ढाल देनार का?”

निकाल वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत आला, परीक्षकांच्या शब्दांसह. आप्पांना तो कांद्याच्या लिलावाच्या वेळी कोणी तरी वाचून दाखवला. सुरुवातीला ते चिडले. मग त्यांनी तो पुन्हा वाचायला सांगितला. ‘वडीलधारं माणूस’ म्हणजे कोण, असं एका व्यापाऱ्याने विचारलं.

“कोन म्हंजे? मीच की,” आप्पा म्हणाले. “मी नाय त्याच्यात.”

व्यापाऱ्याने त्यांना चहा पाजला. दुपारपर्यंत बाजारात ही बातमी पसरली की ठोंबरे आप्पांचं नसणं नाशिकला पहिलं आलं. सोसायटीने सत्कार ठेवला. शाल दिली, नारळ दिला. ‘सभा-समारंभात असणारे पुष्कळ असतात,’ असं विद्यमान चेअरमन भाषणात म्हणाले, ‘पण नसावं तर आप्पांसारखं.’ चांदवडच्या चौफुलीवर फ्लेक्स लागला. त्यावर आप्पांचा हात जोडलेला फोटो आणि खाली: ‘पत्रिकेत नसल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. त्याखाली शुभेच्छुक म्हणून ती सगळी चार पानांची नावं होती. केरूंचा फोटोही होता, शेजारी.

यानंतर भावकीत वेगळाच वाद उभा राहिला. आपणही पत्रिकेत नव्हतो, असं जो तो सांगू लागला. ज्यांची नावं आप्पांच्या मूळ मजकुरात होती, ते स्वतःला ‘काढलेले’ म्हणवून घेत आणि बाकीच्यांना ‘नुसते नसलेले’ म्हणून हिणवत. एका माजी सभापतींनी, हिरामण यांनी सर्वांत आधी आपलंच नाव काढलं, असा दावा केला. दुसऱ्या माजी सभापतींनी तो फेटाळला.

हिरामण यांना वाटलं, आता सगळं मिटलं. त्यांनी आनंदाने फोन लावला.

“आप्पा, मग आदल्या दिवशीच या ना. हळदीला.”

“मी येत नाय.”

“आता का?”

“आरं, छापून आलंय. नसनं हाच प्रान. मी तिथं येऊन उभा ऱ्हायलो की संपलं ना सगळं. तुझ्या गोष्टीचा प्रान मी घेऊ का? भाऊ हाय मी तुझा.”

“आप्पा, पत्रिका वेगळी, लग्न वेगळं.”

“लोक काय म्हनतील? शाल घेतली आन मंग आला जेवायला. नाय नाय. तू काळजी करू नको. मी आजाबात येत नाय.” मग आवाज उतरवून: “आन हे बघ, कोनाच्या नादी लागून माझं नाव घालू नको त्याच्यात. तुला शपथ हाय.”

हिरामण यांनी फोन खाली ठेवला. बक्षीस सुरक्षित होतं, कथा सुरक्षित होती, आणि भाऊ पहिल्यांदाच त्यांच्या लेखनाच्या बाजूने उभा होता. ते बाहेरच्या खोलीत आले तेव्हा चैताली हळदीची साडी घडी करून परत पिशवीत भरत होती.

“ऐकलं मी,” ती म्हणाली.

“आप्पांचाही विचार कर, चैतू. त्यांना मान मिळालाय.”

“पप्पा, तुमची गोष्ट चुकीची आहे.”

“चुकीची कशी?”

“‘चैतालीने रविराजला हो म्हटलं.’ असं झालंच नाही. रविराजने विचारलं तेव्हा मी गप्प बसले. घरी आले आणि आप्पांना फोन केला. ते हो म्हणाले, मग मी हो म्हटलं.”

हिरामण यांनी विचारलं, “मला का नाही विचारलंस?”

“तुम्ही ‘बघू’ म्हणाला असता.”

“एवढंच म्हणाले असते,” उज्वला आतून म्हणाल्या. “आणि त्यातलाही ‘ब’ काढता येतो का बघत बसले असते.”

“आप्पा काय म्हणाले?”

“तासभर बोलले. रविराजच्या पणजोबांपासून सुरुवात केली. त्यांची विहीर कुठे होती, तिला पाणी किती. मधेच रडले. मग पुन्हा विहीर. शेवटी म्हणाले, पोरगं बरं हाय, पन तुझ्या बापाला सांगू नको मला आधी विचारलं म्हनून. त्याला वाईट वाटंल.”

कथेतून शब्द काढणं हिरामण यांना येत होतं. गाळलेली गोष्ट कथेत नसूनही असते, असं ते नवोदितांच्या कार्यशाळेत सांगत. पण इथे त्यांनी काही गाळलं नव्हतं. त्यांना ते ठाऊकच नव्हतं. त्यांनी चप्पल घातली आणि ते पंचवटीत गेले.

नाथा छापखाना बंद करायच्या बेतात होते. हिरामण यांनी त्यांना पान उघडायला लावलं, आणि पहिलं वाक्य असं करून घेतलं: ‘चैतालीने वाल्मीकआप्पांना विचारून रविराजला हो म्हटलं.’

“दोन शब्द वाढतात, सर,” नाथा म्हणाले. त्यांनी दोनदा विचारून खात्री केली. या गिऱ्हाइकाकडून वाढीव मजकूर त्यांनी कधी घेतला नव्हता.

“वाढू दे.”

“आणि बाकीची नावं?”

“बाकीच्यांना तिने विचारलं नव्हतं.”

नवी पत्रिका मोबाइलवरून सगळ्यांना गेली आणि आप्पांना छापील प्रत एसटीने पाठवली. पगारे सर दुसऱ्या दिवशी आले. या वेळी पेढे नव्हते.

“परिषदेने बक्षीस मागे घेतलंय, ठोंबरे सर. वडीलधारं माणूस आलं ना आत.”

“आलं.”

“मीच ठराव मांडला. कार्यवाह आहे, मांडावा लागतो.” पगारे सरांनी इकडेतिकडे पाहिलं. “व्यक्तिशः मला ही जास्त आवडली. पण हे परिषदेला कळू देऊ नका.”

आप्पांचा फोन मात्र आला नाही. हिरामण यांनी केला, तर उचलला नाही. हळद लागली तरी आप्पा आले नाहीत. लग्नाच्या दिवशी दुपारी द्वारकेजवळच्या मंगल कार्यालयासमोर चित्र असं होतं: मुलाकडची मंडळी आत, पगारे सर आत, बायडाबाई आत. ठोंबऱ्यांची भावकी, म्हणजे दोन बस आणि आठ-दहा जीपा भरून माणसं, बाहेर रस्त्याच्या कडेला. ते लग्नाला आले नव्हते. आपण नसल्याचं नीट दिसावं, म्हणून ते जवळ येऊन थांबले होते.

“केरूभाऊ, आत या ना,” उज्वला दारात जाऊन म्हणाल्या.

“नको वहिनी. आपन काढलेले. आप्पाचं एकट्याचं घातलं तुमी, आता आमी तरी नीट नसायला पायजे.”

“मग जेवणाचं काय? एवढ्या माणसांचा स्वयंपाक केलाय.”

केरू विचारात पडले. त्यांनी खिशातून पत्रिका काढून वाचली, मागे वळून दोघा-तिघांना दाखवली. “जेवनाचं लिवलेलं नाय ह्याच्यात,” ते म्हणाले. “म्हंजे ते गोष्टीच्या बाहेर झालं. जेवायला येऊ आमी.”

चैताली बोहल्याच्या कडेला मुंडावळ्या बांधून बसली होती. उभी राहत नव्हती. गुरुजी घड्याळ दाखवत होते. तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला आणि आप्पा आत शिरले. अंगावर सत्काराची शाल, एका हातात जुनी पत्रिका, दुसऱ्या हातात नवी. वाजंत्री थांबली.

“हिरामण! शपथ घातली व्हती ना तुला?”

“हो, आप्पा.”

“फ्लेक्स उतरवला माझा! चेअरमन शाल परत मागतोय! म्हनतो, तुमी तर आत हाये, मंग सत्कार कशाचा? लय चांगली गोष्ट व्हती रं. चांगली गोष्ट नासवली तू. दोन शबुद घालून नासवली!”

“पण खरं आहे का ते?”

आप्पा बोहल्यापर्यंत पोचले होते. त्यांनी हिरामणकडे पाहिलं, मग चैतालीकडे. “तू सांगितलं व्हय बापाला?”

“सांगितलं नसतं तर तुम्ही भांडायला तरी आला असता का?”

“नाय,” आप्पा म्हणाले. आणि आपण कुठे उभे आहोत ते त्यांच्या ध्यानात आलं. ते वळले. चैताली तोवर उभी राहिली होती, आणि तिने त्यांच्या सदऱ्याची बाही धरली होती.

“सोड. मी भांडायला आलो व्हतो. भांडन झालं.”

“इथेच थांबून भांडा.”

गुरुजींनी अंतरपाट धरायला लावला. मंगलाष्टकं चालू असताना आप्पा भावाशी भांडतच होते. दर कडव्याला ते मूठभर अक्षता घेत, त्यातल्या निम्म्या पोरीवर टाकत आणि निम्म्या हिरामणच्या तोंडावर मारत. मंगलाष्टकं संपली, हार घातले गेले. बाहेरची मंडळी गोष्टीच्या बाहेरच्या वाटेने पंगतीत जाऊन बसली, आणि आप्पा कोणाच्या ताटात काय पडलं नाही ते मोठमोठ्याने सांगत फिरू लागले.

एका गोष्टीवर मात्र ते अडून राहिले. फोटोत आपण येणार नाही. निदान तेवढं तरी राहू दे, असं त्यांचं म्हणणं होतं. चैतालीने त्यांना ओढून बोहल्यावर आणलं, की कॅमेरा उघडताच ते बाजूला सरकत. ती बाही सोडत नसे.

त्यामुळे अल्बममध्ये बहुतेक फोटो सारखे आहेत. मधे रविराज आणि चैताली, शेजारी उज्वला, हिरामण, बायडाबाई. चैतालीचा डावा हात लांब ताणलेला, आणि कडेला तिच्या मुठीत एक पांढरी बाही, कोपरापर्यंत.

फोटोग्राफरने अल्बम करायच्या आधी हिरामण यांना विचारलं, “कडेची बाही कापून टाकू का? विचित्र दिसतेय.”

हिरामण यांनी प्रत्येक फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

“राहू द्या,” ते म्हणाले. “जमलं तर कडेला अजून थोडी जागा वाढवा.”